सभागृहाला झेपणारा प्रोसेसर

सेतारेकीने राजधानी सुव्याहून आणलेला लॅपटॉप सभागृहातल्या चटईवर ठेवला. इनोकेने तो उचलला, हातात तोलून पाहिला आणि मग त्याचा वास घेतला.

"तवाले, टाइपरायटर कुठून मिळवलास? पोरांनी रग्बीचा व्हिडिओ गेम खेळायला पैसे दिले होते, अर्ज टाइप करायला नाही."

बसलेले सगळे हसले. इनोके सेतारेकीच्या मामाचा मुलगा, म्हणजे त्याचा तवाले. आणि कोरो बेटावर तवाल्याने टिंगल केली नाही तर दोघांचं काहीतरी बिनसलंय असं समजतात. पण या वेळच्या टिंगलीत काटा होता. इनोके सुव्यात विमा विकतो, नाताळला गावी येतो आणि फळांच्या टोपलीसारखे सल्ले घेऊन येतो. तरुण मंडळाने आपल्या मित्राचा जाडजूड लॅपटॉप घ्यावा, असं त्याने दोनदा सुचवलं होतं. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड, किंमतही या लॅपटॉपएवढीच, बाराशे डॉलर. मित्राची अडगळ जाणार होती; इनोकेचं त्यात काय, हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती. मंडळाने मात्र निवड खजिनदारावर, म्हणजे सेतारेकीवर सोपवली. आता रग्बीचा खेळ चालला नाही तर लॅपटॉप परत जाणार, आणि त्याच बोटीने खजिनदाराची पतही.

"यात कार्डच नाही," इनोके सगळ्यांना समजावत होता. "चित्रं काढायचं कामही प्रोसेसरच्याच गळ्यात. स्वयंपाकीणच वाढपी."

"वाढपी वेगळा ठेवला की त्याचंही पोट भरावं लागतं," सेतारेकी म्हणाला.

दुकानात त्याने घाई केली नव्हती. विक्रेत्याने आधी सातचा आकडा मिरवणारा प्रोसेसर पुढे केला. सेतारेकीने आकड्याचं कौतुक ऐकून घेतलं आणि प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स कोणाचं दमदार, एवढंच विचारलं. सातवाला जुना निघाला, चित्रांच्या बाबतीत मरतुकडा. पाचाचा आकडा लावलेला मात्र नवा होता आणि खेळ पेलणारा. अशा प्रोसेसरचं ग्राफिक्सही लॅपटॉपच्याच मेमरीतून खातं, म्हणून त्याने मेमरीची एक मोठी पट्टी काढून निम्म्यानिम्म्या दोन घालायला लावल्या. एका टोपात दोन पळ्या असल्या की वाढणं भराभर होतं. विक्रेत्याने तोंड वाकडं केलं, पण घातल्या.

गावप्रमुख आपेनिसांनी मुळ्या कुटून केलेल्या कावा पेयाची वाटी खाली ठेवली. "वाद कशाला? दोन्ही लावा. इनोके, तुझा स्वतःचाही तसलाच जाड आहे ना? आण. पूर्ण सामना खेळा. अर्ध्यात बंद पडेल तसला मंडळाला नको."

दोन्ही लॅपटॉप भिंतीच्या एकाच बोर्डाला लागले. इनोकेच्या पडद्यावर गवताचं पातं न् पातं हललं, खेळाडूंच्या मानेवर घाम चमकला. पोरी पुढे सरकल्या. सेतारेकीने मात्र गवत आणि गर्दी कमीतकमीवर आणून ठेवली होती.

"तुझे प्रेक्षक उकडलेल्या तावियोका कंदासारखे दिसतात," इनोके म्हणाला.

"प्रेक्षक कुठे खेळतात?"

पहिला अर्धा संपत आला आणि इनोकेच्या लॅपटॉपचे पंखे घरघरायला लागले. मागोमाग कोपऱ्यातला इन्व्हर्टर किंचाळला. छताचे पंखे थांबले, मासळीचा फ्रीझर गप्प झाला. दोन्ही लॅपटॉप आता आपापल्या बॅटरीवर. इनोकेच्या बॅटरीला कार्डाची भूक झेपेना; त्याचा खेळाडू चेंडू घेऊन सुटला खरा, पण एक पाऊल टाकायचा, थांबायचा, जणू विम्याचा हप्ता आठवतोय. मग दुसरं टाकायचा. सेतारेकीचे तावियोकाचे प्रेक्षक मात्र जागेवर होते, खेळाडू पळत होते.

सेतारेकी शांतपणे उठला, इनोकेचा चार्जर उपटला आणि इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. पंखे फिरले.

"छतावरची सौर पाटी मीच पुसतो," तो म्हणाला. "हा इन्व्हर्टर पाचशे वॅटचा. पंखे, दिवे, फ्रीझर जेवून उरतं ते थोडं. तुझा पाहुणा एकटा दोनशे तीस मागतो. माझा पासष्टात जेवतो."

"सुव्यात कधी असं झालं नाही," इनोके पुटपुटला.

"मग त्याला सुव्यातच ठेव," आपेनिसा म्हणाले. "इथली वीज आभाळातून येते, तुझ्या कंपनीतून नाही."

सभागृह हसून लोटपोट झालं. सेतारेकीच्या लॅपटॉपवर सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत रंगला, कुठे अडखळला नाही. मंडळाच्या अध्यक्षा लोसालिनीने पडदा फडक्याने पुसला. म्हणजे लॅपटॉप मंडळाचा झाला. पोरापोरींची रांग दारापर्यंत गेली.

इनोके रांगेला वळसा घालून पुढे आला आणि सेतारेकीच्या कानाशी लागला. "नेमका कुठला प्रोसेसर म्हणालास?"

हळू विचारलेल्याला हळू उत्तर द्यावं, ही रीत परक्यांसाठी. सेतारेकी उभा राहिला, त्याने घसा साफ केला.

"मंडळी, सुव्याचे विमावाले साहेब टाइपरायटरचं नाव विचारताहेत."

सगळ्यात मोठ्याने इनोकेलाच हसावं लागलं.

"लिहून देतो," सेतारेकी म्हणाला. "तोवर रांगेत उभा राहा, तवाले. त्या दोन वेण्यांवाल्या पोरीच्या मागे. आणि तिच्याशी खेळताना जपून, ती कोणाला सोडत नाही."