आग्नेय कोपऱ्यातली गंगा

हळदीचा ठिपका आधी खालून लाल झाला. छबूबाईंनी बोटाने लावलेला तो ठिपका सुपारीएवढा होता. त्याची खालची कड ओल्या सिमेंटला टेकली होती, वरची कोरड्या. लाली खालच्या कडेने शिरली आणि ओल जशी वर चढत गेली तशी तिच्या मागोमाग चढली. वरची कड शेवटपर्यंत पिवळीच राहिली. राजनंदिनी चहाचा ट्रे धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने हे सगळं नीट पाहिलं. बाकीच्यांनी फक्त लाल रंग पाहिला.

हळदीचं कुंकू झालं, असं कुणीतरी पुटपुटलं. ते शब्द हॉलमधून ओसरीवर आणि ओसरीवरून फाटकापर्यंत गेले. फाटकाबाहेर शेवगावहून आलेल्या दोन जीपा, भिंगारहून आलेली एक मोटार आणि बऱ्याच मोटारसायकली उभ्या होत्या. ज्यांना कोपरा दिसतही नव्हता त्यांनीही हात जोडले. जोडलेल्या हातांत बहुतेकांनी मोबाईल धरला होता.

कोपरा स्वयंपाकघराचा होता, घर कारभारी आणि छबूबाईंचं. दोघांचा सगळा संसार रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मुलगा रविराज सुप्याच्या कारखान्यात लागला, सून राजनंदिनी शेवगावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली, तेव्हा कुठे रस्त्याकडेला हा बंगला उभा राहिला. छबूबाईंनी एकच गोष्ट मागितली होती: ताठ उभं राहून भाकरी थापता येईल असं स्वयंपाकघर. ते मिळालं. त्यात त्यांनी जेमतेम महिनाभर भाकरी थापली, मग गंगा आली.

गंगा येण्याआधी वास्तुशांत झाली होती. गुरुजींनी सांगितलं, वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची. आग्नेयेला स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात सिंक आणि सिंककडे जाणारा पाण्याचा पाइप त्याच कोपऱ्यातून भिंतीच्या आत गेलेला. अजिनाथ गवंड्याने छिन्नी लावण्याआधी एकदा विचारलं, की हितून लाईन गेली का काय, प्लंबरला फोन करू का. पण मुहूर्त टळत होता आणि गुरुजींना दुसरीकडेही जायचं होतं. अजिनाथने खड्डा केला, डबी ठेवली, वर सिमेंटचं चौकोनी ठिगळ मारलं. जाताना गुरुजींनी बजावलं, की इथे पुन्हा हातोडा लावायचा नाही, नाहीतर वास्तू लाभत नाही.

काही दिवसांनी ठिगळ पाझरू लागलं. रविराजचं कारखान्यातलं काम पुर्जे मोजण्याचं. केसाएवढा फरक दिसला तरी तो माल परत पाठवी. घरात मात्र तो म्हणाला, पाइपच असणार, पण आण्णांना विचारून बघतो. आण्णा म्हणजे कारभारी. ते म्हणाले, गुरुजींना विचारू. गुरुजी लग्नसराईत फोन उचलत नव्हते. छबूबाईंनी तोवर शेजारणींच्या देखत वास्तूला हळद-कुंकू वाहिलं, आणि हळद लाल झाली.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम आला.

पुंजाराम हा पंचक्रोशीतला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचा, नारळ उभा राहिला की तिथे बोअर घ्यायचा. त्याने दाखवलेल्या सगळ्या बोअरांतून फुफाटाच निघाला होता. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे: पाणी होतं, पण मालकाची नियत फिरली म्हणून सरकलं. इथे तो आला, ओल्या कोपऱ्यासमोर बसला आणि नारळ उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नारळाखाली खरोखर पाणी होतं.

"ही पैठणची गंगा हाय," तो डोळे मिटून म्हणाला. "धरणाच्या भिंतीला चकवून निघाली, पाताळातून वाट काढली, आन् माउलीच्या सैपाकघरात वर आली. म्या नुसता निरोप्या हाय."

निरोप्याने निरोप देऊन निघून जावं, तर तसं झालं नाही. आठवडाभरात त्याचा पाताळनाथ महाराज झाला. स्वयंपाकाच्या ओट्यावर त्याची गादी आली, कारण गंगेजवळ दुसरी उंच जागा नव्हती. ठिगळाभोवती पांढरी पूड फुलू लागली, तिची विभूती झाली. पाझरलेलं पाणी वाटीत साचे, ते तीर्थ. तीर्थ, विभूती आणि कुंकू एकाच जागी निघतं असं ठिकाण काशीतही नाही, असं महाराजांनी जाहीर केलं. महाराज काशीला गेले नव्हते. पैठणलाही लग्नाच्या वऱ्हाडातून एकदाच.

दुपारी गंगा आटायची. माता वामकुक्षी घेतेय, आवाज करू नका, असं महाराज सांगायचे आणि स्वतःही घोरायचे. राजनंदिनीच्या लक्षात आलं होतं, की सकाळपासून शेदोनशे माणसं संडास-मोरी वापरून गच्चीवरची टाकी रिकामी करतात तेव्हाच माता झोपते. कारभारी मोटार चालू करून टाकी भरतात तेव्हा ती उठते. वीज गेली की मातेची झोप लांबते. भारनियमन पाळणारी देवी तिने पहिल्यांदाच पाहिली.

तिने हे नवऱ्याला सांगितलं. रविराजने मान डोलावली आणि सुप्याला कामावर गेला. तिने सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नंदे, तुजं शाळंत शिकीव." बोलणं तिखट होतं, पण त्यामागचं कारण राजनंदिनीला कळत होतं. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या तेव्हा ज्या बायका छबूबाईंना हळदी-कुंकवाला बोलवायच्या विसरत, त्याच आता त्यांच्या पाया पडत होत्या. त्या आता छबूबाई उरल्या नव्हत्या, माउली झाल्या होत्या. माउलीला स्वतःचा चहासुद्धा ओसरीवर स्टोव्ह मांडून करावा लागत होता, याकडे त्या पाहत नव्हत्या.

मग महाराजांना दृष्टांत झाला. येत्या अमावास्येला स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडायची, म्हणजे दर्शनाची रांग सरळ लागेल. घरच्यांनी रानातल्या शेडमध्ये परत जायचं, कारण मातेला संसाराचा खरकटा वास सोसत नाही. कारभारींनी हात जोडून ऐकलं. राजनंदिनीला एवढंच दिसलं, की घर पाडायला शास्त्राची हरकत नव्हती, हरकत फक्त गळती उघडायला होती.

त्याच आठवड्यात गोजरबाईंनी तीर्थ डोळ्यांत घातलं. गोजरबाई म्हणजे छबूबाईंची रानातली शेजारीण, दोघींनी खुरपणी बरोबर केलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायची त्यांना भीती वाटे, म्हणून महाराजांनी उपाय सांगितला: सकाळ-संध्याकाळ दोन थेंब. डोळे भडकले, तेव्हा महाराज म्हणाले, पाप बाहेर पडतंय. राजनंदिनीने बाईंचे डोळे स्वच्छ पाण्याने कितीतरी वेळ धुतले आणि रिक्षा करून त्यांना शेवगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, हे कुणी घालायला सांगितलं. गोजरबाईंनी भक्तिभावाने नाव सांगितलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी रविवार होता. रविराज घरी होता आणि गर्दी उसाच्या मोळीसारखी दाटली होती. दुसऱ्या दिवशी भिंत पाडणारी माणसंही आधीच आली होती, त्यांना चहा-पोहे चालले होते. महाराजांनी छबूबाईंना हळद लावायला सांगितली. ठिपका लाल झाला, हात जोडले गेले.

राजनंदिनी पुढे आली. तिच्या हातात एक थाळी होती. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं, तिथलं ओंजळभर कालवलेलं सिमेंट तिने त्यात आणलं होतं.

"आई, ह्याच्यावर पण लावा."

छबूबाईंनी आधी तिच्याकडे, मग महाराजांकडे पाहिलं. बोटाला हळद होतीच. त्यांनी ती थाळीत टेकवली. थाळीतलं सिमेंट ना पाताळातून आलं होतं, ना पैठणहून. हळद लाल झाली.

महाराज ओट्यावरून हसले. मातेची नजर पडली त्याच्यावर, म्हणाले. त्यांचा डावा तळहात मांडीवर उघडा होता, उजव्या अंगठ्याने तंबाखूत चुना मळणं चाललं होतं.

"महाराज, हात तसाच ठेवा," राजनंदिनी म्हणाली, आणि ओल्या हळदीची चिमूट तिने त्यांच्या तळहातावरच्या चुन्यात टाकली.

तळहात लालभडक झाला. महाराजांनी तो झटकन मिटला, पण पुढच्या रांगेने पाहिलं होतं.

"इथं पण गंगा निघाली का?" तिने शांतपणे विचारलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. त्याला गप्प करायला दोघं वळले, ते वळता वळता स्वतःच हसले.

"हळदीचं सोडा," महाराजांचा आवाज चढला. "हळद काय, बाजारात भेसळीची येती. पानी कुनी आनलं? भिंतीतून पानी काढून दाव की मास्तरीनबाई."

"काढायला नाही, थांबवायला जाते," ती म्हणाली आणि जिना चढून गच्चीवर गेली. टाकीखाली तीन कॉक होते. स्वयंपाकघराचा कॉक तिने बंद केला. जाताना तिने रविराजला सिंकचा नळ उघडायला सांगितलं होतं. या वेळी त्याने कुणाला विचारून बघितलं नाही, सरळ महाराजांच्या गुडघ्यावरून हात नेऊन नळ उघडला. नळ थोडा वेळ वाहिला, मग खोकला आणि बंद पडला. कोपऱ्यातलं ठिगळ आणखी थोडं ठिबकलं आणि थांबलं.

दुपार व्हायला अवकाश होता. मातेच्या झोपेची वेळ नव्हती.

महाराज म्हणाले, घरात विटाळ शिरलाय, आरती म्हणा. आरती झाली. टाळ्या जोरात वाजल्या. ठिगळ तसंच राहिलं. महाराजांनी नारळ काढला, तळहातावर ठेवला आणि तो उभा राहिला. त्याच्याखाली आता पाण्याचा थेंब नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता सोडते," राजनंदिनी जिन्यावरून म्हणाली.

नळ धडधडला आणि वाहू लागला. थोड्याच वेळात कोपरा पाझरला. छबूबाई त्याच्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी ठिगळाखाली तळहात धरला होता, पाण्याचा स्पर्श झाला तशी त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं.

"पुन्हा बंद करते."

गंगा पुन्हा आटली. आता लहान मुलं जिन्याशी जमली होती. गंगा सोडा, गंगा बंद करा, अशी फर्माईश वर जाऊ लागली. भिंत पाडायला आलेल्यांपैकी एक जण पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाला, आमच्या वस्तीवरच्या हापशाला असा कॉक बसवायला सांगा महाराज.

राजनंदिनी खाली आली. भाषण देण्याची तिला सवय नव्हती, वर्गात बोलते तेवढ्याच आवाजात ती बोलली.

"वास्तू पुरताना छिन्नी पाइपला लागली. तेव्हापासून टाकीतलं पाणी गळतंय, म्हणून मोटार पण जास्त चालवायला लागते. नव्या सिमेंटमधून येताना ते पाणी चुना घेऊन येतं. चुन्याने हळद लाल होते, तोच चुना वाळला की पांढरी पूड होते. महाराजांचा डावा हात बघा, तिथं पण तेच झालंय. देव आहे की नाही, हे मी कुणाला विचारत नाही. पाणी कुठून येतं, एवढं विचारा. कॉक तुमच्या हाताने बंद करून बघा. माझ्यावर पण विश्वास ठेवू नका."

दोघं-तिघं खरोखर गच्चीवर गेले. महाराजांनी गादीवरून एक पाय खाली सोडला होता. दुसरा सोडावा की नाही, याचा विचार चालला असावा.

भिंतीशी गोजरबाई बसल्या होत्या. डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"नंदे, म्हंजी म्या डोळ्यांत काय घातलं ग?"

राजनंदिनी त्यांच्याजवळ बसली. "चुन्याचं पाणी, मावशी. डॉक्टर म्हणाले, दिसेल. थोडं उशिरा गेलो असतो तर नसतं दिसलं."

गोजरबाईंनी मान हलवली. छबूबाई मैत्रिणीच्या हिरव्या चष्म्याकडे पाहत राहिल्या. गर्दीतली एक बाई सवयीने त्यांच्या पायांशी वाकली, तर त्यांनी पाय मागे घेतले.

कारभारी खाकरले. म्हणाले, गुरुजींना एकदा विचारून घेऊ, उद्या अमावास्या हाय, परवा बघू, भिंतीला घाई काय हाय.

छबूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ओल्या तळहाताला लागलेली हळद त्यांनी पदराला पुसली. पदर लाल झाला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्या माउलीच्या नव्हे, शेतात रोजगार्‍यांना हाका मारायच्या त्या आवाजात बोलल्या.

"गुरुजीला न्हाई इचारायचं. घर माजं हाय. रवी, अजिनाथ गवंड्याला फोन लाव, कोपरा फोडायचा हाय. अमावाश्या-बिमावाश्या न्हाई, आत्ता ये म्हनावं."