सोड्याचं चाक

"काका, सोडा नको!" मी ओरडले.

उशीर झाला होता. सोडाकाकांनी टाकीवरचं चाक सवयीनं फिरवलं होतं.

आमच्या कारखान्यातल्या या टाकीतले जीवाणू एक जीवनसत्त्व बनवतात. पण साखर खाता खाता ते आम्लही सोडतात आणि त्यातच गुदमरतात. म्हणून काका वर्षानुवर्षं आत सोडा सोडत आले. त्यानं आंबटपणा जायचा, पण क्षार साचत जाऊन जीवाणू शेवटी हात टेकायचे. आज पहिल्यांदाच आम्ही टाकीतला द्रव गाळून, राळेच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून फिरवत होतो. मणी आम्ल धरून ठेवत आणि उरलेला द्रव परत टाकीत येई. सोड्याचं काहीच काम नव्हतं.

प्रयोग जमला, तर काका पॅकिंगला जाणार होते. तिथल्या मुकादम काकू, म्हणजे त्यांची बायको.

"घरी तिचं ऐकतो तेवढं पुरे नाही का?" असं ते सकाळपासून कुरकुरत होते.

आता पीएच मीटरचा काटा वर सरकू लागला; आंबटपणा हवा त्यापेक्षा कमी होत होता. काकांचा चेहरा उतरला. "हात आपोआप गेला गं पोरी. साहेबांना वाटेल, म्हाताऱ्यानं मुद्दाम घोळ घातला. थोडं आम्ल ओतू का?"

"कशाला? आम्ल बनवणारे आत बसलेत की! मण्यांकडे जाणारा पंप जरा बंद ठेवू."

काका हसले. "म्हणजे घोळ माझा आणि निस्तरणार ते?"

"खातात की फुकटची साखर!"

काटा हळूहळू जागेवर आला. आम्ही पंप पुन्हा सुरू केला. एरवी संध्याकाळपर्यंत मरगळणारी टाकी आज साहेब आले तरी जोरात चालू होती.

"साहेब, मधे एकदा माझ्या हातून सोडा गेला," मी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले.

"टाकीची तक्रार नाही, मग माझी कशाला?" साहेब खुशीत होते. "सोमवारपासून पॅकिंग."

"डबा तरी काकूंसोबत खाता येईल," मी म्हटलं.

"लेबल वाकडं लागलं, तर डबाच मिळायचा नाही!"

साहेब गेले. काकांनी चाक फडक्यानं पुसलं. ते बंदच होतं, तरी दोन्ही हातांनी आणखी आवळलं.

"काका, एवढं घट्ट कशाला?"

"कधी सोडा लागलाच, तर तुमच्यापैकी कुणाला उघडता येऊ नये. मलाच हाक मारावी लागेल," ते म्हणाले आणि फडकं घडी करून खिशात ठेवलं.