गठ्ठ्यात गेलेला पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. डावा. जोडीदार नाही म्हणून कीव करू नका. माझ्या शेजारचा उजवा पाय हाडामांसाचा आहे आणि आमचं बरं जमतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या मालकीण ताईंच्या गुडघ्याखाली उरलेल्या पायाचा साचा घेतला, त्यावर मला बेतलं, घासलं, पुन्हा घासलं. "टोचतंय का?" असं तो इतक्यांदा विचारी की ताई शेवटी म्हणाल्या, "अहो, खऱ्या पायाची कुणी एवढी विचारपूस केली नव्हती!"

घराच्या पुढच्या खोलीत ताईंचं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर उभं राहायचं काम. मी आल्यापासून त्या टेबलाशी ताठ उभ्या राहू लागल्या. गिऱ्हाइकं म्हणत, "इस्त्री करावी तर ताईंनीच!" मी मनात फुगत असे. पण माझे नखरेही कमी नाहीत. पट्टे झिजतात, आतलं अस्तर फाटतं, शिवाय जड गठ्ठे घरोघरी पोचवायला ताईंना माणूस ठेवावा लागतो. दिव्यांगांना सरकार दरमहा जी मदत देतं, तिच्यावर हे सगळं निभतं. ती थांबली तर मी अडगळीत आणि ताई खाटेवर.

एकदा निरोप आला. मदत पुढे चालू ठेवायची का, हे पाहायला साहेबबाई घरी येणार होत्या. समोरच्या न्हाव्याने पुडी सोडली, "चालताना दिसलात की मदत बंद!" झालं, ताईंच्या आईचं धाबं दणाणलं.

"काढ तो पाय," आई म्हणाली.

"अगं आई, खोटं कशाला वागायचं?"

"खोटं काय त्यात? पाय नाही तो नाहीच की! तू आपली गप्प बसून राहा."

ताईंनी शेवटी मला काढलं. आईने घाईघाईत मला इस्त्रीच्या एका गठ्ठ्यात खुपसलं. इतकी वर्षं इमानाने राबलो, आणि आज चोरीच्या मालासारखा लपलो! मला फार वाईट वाटलं.

साहेबबाई आल्या, बसल्या, त्यांनी पाणी मागितलं. नेमके तेव्हाच शाळेचे मास्तर कपडे न्यायला दारात हजर. त्यांना लवकर वाटेला लावायचं म्हणून आईने हाताला लागला तो गठ्ठा त्यांच्याकडे दिला. मी निघालो मास्तरांच्या काखेतून! ओरडावं तर तोंड नाही, आणि पाय असून पळता येईना.

कोपऱ्यावर मास्तरांना गठ्ठा जड लागला. त्यांनी गाठ सोडली, "अरे बापरे!" म्हणाले आणि तसेच मागे फिरले. दारात उभं राहून त्यांनी मला उंच धरलं.

"ताई, सदरे माझे, पण हा पाय तुमचा!"

आईने कपाळावर हात मारून घेतला. पण ताई सरळ बोलल्या, "चुकलं आमचं, बाई. मी यावरच चालते, उभी राहून काम करते. मदत बंद होईल म्हणून भ्यायलो."

साहेबबाईंनी मला मांडीवर घेतलं, माझा पट्टा ओढून पाहिला. "हा झिजला की कशातून बदलता?"

"तुमच्याच पैशांतून."

"माझ्या कुठल्या, सरकारच्या!" त्या हसल्या. "अहो, तुम्ही उभं राहावं म्हणूनच तर मदत आहे. ती चालू राहणार. घाला बघू पाय."

"माझा जीव भांड्यात पडला गं बाई," म्हणत आई रडू लागली. मास्तर मात्र मोडलेल्या घड्या पाहून कुरकुरत होते. "द्या इकडे, पुन्हा इस्त्री करून देते," ताई म्हणाल्या. त्यांनी मला चढवलं आणि साहेबबाईंच्या देखत टेबलाशी उभ्या राहिल्या. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

मित्रांनो, कुणाचा पाय, कुणाची काठी, कुणाची चाकांची खुर्ची. आमची निगा राखा. आणि आम्हाला लपवावं लागेल अशी भीती कुणाला घालू नका. त्या दिवशी माझा पट्टा पार ढिला झाला होता, पण ताईंचा तोल मी जराही जाऊ दिला नाही.