हात धुण्याआधी

"हात धुवायचे नाहीत अजून! आधी बोलायचं," बाई कडाडल्या आणि नळाकडे निघालेला घोळका जागीच थबकला.

प्रयोगशाळेतला हा बाईंचा जुना दंडक होता. बोटांना कांद्याचा वास आणि आयोडीनचे डाग असतानाच प्रत्येकाने काय दिसले, काय चुकले ते सांगायचे. हात स्वच्छ झाले की माणूस पुस्तकातले बोलू लागतो, असे त्यांचे ठाम मत. मुले पाठीमागे त्यांना चिमटाबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

आज मात्र मुख्याध्यापिका भिंतीशी उभ्या होत्या. बाईंची नजर अधू झाल्याची कुजबुज त्यांच्या कानी गेली होती. प्रयोगशाळा बाईंकडे ठेवायची की नाही, हे या तासावर ठरणार होते. "मी अजून सुईत दोरा ओवते," असे बाईंनी त्यांना ठणकावले होते. खरे तर घरी दोरा नात ओवून द्यायची. ती याच वर्गात होती. शाळेत तिनेही बाईच म्हणायचे, हा दुसरा दंडक.

"मी कांद्याचा पापुद्रा जाड काढला, बाई. सूक्ष्मदर्शकात नुसता काळोख दिसला."

"दिसेल नाही तर काय! अख्खा कांदाच ठेवला असशील. पुढे!"

"मला रडू आलं, बाई."

"कांद्याचं की अभ्यासाचं?"

वर्ग खळाळला. मुख्याध्यापिकाही हसल्या.

नातीची पाळी आली. बोटांवरचे डाग चोळत ती म्हणाली, "मी वरची काच घाईनं टाकली. आत हवा अडकली. तुम्ही बघून 'सुरेख पेशी' म्हणालात, म्हणून मी तेच चित्र काढलं. पण तो बुडबुडा होता, बाई. गोल, काळ्या कडेचा."

घरचीच पोर, आजच्या दिवशी तरी तोंड मिटून बसती, असे बाईंच्या मनात येऊन गेले.

"आणखी कुणाच्या बुडबुड्याला मी पेशी म्हटलं?"

एक डागाळलेला हात वर आला. मग दुसरा. मग बाकामागून बाक.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाई."

ज्यांना आयुष्यभर धाकात ठेवले, त्यांनी दया केली होती. ती बाईंच्या फार जिव्हारी लागली.

"माझं वाईट वाटणं माझं मी बघेन. दिसलं ते सांगायचं!" त्यांनी स्वतःचे पिवळे हात पुढे धरले. "आता माझी पाळी. आज मला दिसलं नाही. बरेच दिवस दिसत नाहीये."

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली.

"नवी काचपट्टी कर," बाई नातीला म्हणाल्या. तिने काच तिरपी धरून हळूहळू टेकवली. बाई सूक्ष्मदर्शकाकडे वाकल्या नाहीत. "काय दिसतं?"

"विटांची भिंत रचल्यासारखं. एकीला एक लागून."

"मग त्या पेशी."

चिमटा तिच्यापुढे ठेवून बाई नळाकडे निघाल्या. घोळक्याने वाट दिली. त्या साबण चाचपून शोधू लागल्या. नात एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली. बाईंनी साबण आपल्या हातांनी शोधला.