चक्कीमागचं मेलं पाणी

सिंधूताईंनी नारळ कालव्यात सोडला आणि जपमाळेचा पहिला मणी ओढला. पुलापासून खालच्या बाभळीपर्यंत नारळ पोचेस्तोवर एकवीस मणी झाले. तोच नारळ ओमप्रकाशच्या पाण्यात बुडवलेल्या चक्कीमागे सोडला, की तेवढ्याच अंतराला चाळीस लागत.

"एवढे नारळ काहून वाहून राहिल्या, वहिनी?" ओमप्रकाश पुलावरून हसला. "देव बी म्हणत असन, पुरे करा आता."

"तुमच्यासाठीच वाहून राहिली, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

ओमप्रकाश आणि सिंधूताईंचे यजमान धोंडबा, दोघांनी लकडगंजच्या वर्कशॉपात अकरा वर्षं एकाच लेथवर काम केलं होतं. वाहत्या पाण्याखाली बुडवून वीज काढणारी टर्बाइन, म्हणजेच ही चक्की, दोघांनी मिळून बनवली, मग वेगळे झाले. गेल्या वर्षी पारशिवनीकडच्या या गावानं चाचणी ठेवली. ज्याची टर्बाइन जास्त वीज देईल, तिच्यावर गावच्या पाण्याच्या फिल्टरची मोटर वर्षभर चालणार. धोंडबांनी आपली चक्की ठरल्या जागी बुडवली. चाचणीच्या सकाळी ओमप्रकाशनं आपली नेमकी तिच्या पुढ्यात, दहा हातांवर सोडली. पुढची चक्की पाण्यातला जोर काढून घेते. मागे येतं ते सुस्त, घुसळलेलं पाणी. ओमप्रकाशला ही गोष्ट शिकवली कोणी? धोंडबांनीच.

"धोंडबाची चक्की उपासाची हाय का गा?" कोणीतरी ओरडलं आणि सगळा काठ हसला. ओमप्रकाश सगळ्यात जास्त हसला. वर गावच्या समितीकडून लिहूनही घेतलं, की एकदा चक्की उतरवली, की ती जागा तिथून पुढे वर्षभर कोणी हलवायची नाही.

त्या दिवसापासून धोंडबा वर्कशॉपात गेले नाहीत. कधी न निघणारं ग्रीस हळूहळू निघालं, नखं पांढरी झाली. जेवायला वाढताना सिंधूताईंना ती नखं पाहवत नसत.

त्यांनी एकभुक्त धरलं, दिवसातून एकदाच जेवू लागल्या. शेजारणींना वाटलं, नवऱ्याच्या तब्येतीसाठी. देवापुढे हात जोडून त्यांनी मागितलं मात्र वेगळंच, "त्याचं तोंड उतरलेलं मले याच डोळ्यानं दिसू दे."

आणि दर गुरुवारी पिशवीत नारळ घेऊन त्या बसनं कालव्यावर येऊ लागल्या. नारळ बराचसा पाण्याखाली बुडून चालतो, म्हणून खालचं पाणी कसं पळतं ते तो बरोबर सांगतो. माळ तर हातात रोजचीच.

वर्ष सरलं. नव्या चाचणीच्या आठ दिवस आधी ओमप्रकाशनं यंदा एक नव्हे, दोन चक्क्या शेजारी शेजारी उतरवल्या. धोंडबाला मागे कुठंच जिवंत पाणी मिळू नये, हा हिशेब. सिंधूताईंनी एकेका चक्कीमागे नारळ सोडून पाहिला. चाळीस. मग दोन्हींच्या मधल्या फटीत सोडला.

चौदा.

त्यांनी तीनदा सोडला. तीनदा चौदाच. दोन्हीकडून अडलेलं पाणी फटीतून दाटीनं पळत होतं.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, तेव्हा धोंडबा म्हणाले, "पुन्हा त्याच्या मागंच लावायची?"

"मागंच. पण मधात."

"किती मणी म्हणली तू?"

"चौदा."

धोंडबांनी माळेवरचे चौदा मणी मोजून पाहिले. मग उठून चपला शोधू लागले. "पाती छोटी करा लागन वं. फटीत बसली पायजे."

चाचणीच्या दिवशी समितीचे लहानूजी मीटर घेऊन आले. प्रत्येक चक्कीची वीज वेगळी मोजायची होती. "आमी मागंच राहतो," सिंधूताई म्हणाल्या.

"मागं राहाची सवयच झाली वहिनीले," ओमप्रकाश म्हणाला, आणि काठावरचे हसले.

धोंडबांची चक्की फटीमागे उतरली आणि फिरू लागली. लहानूजींनी मीटर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "ओमप्रकाशच्या दोन्हींतल्या चांगल्या चक्कीहून दीडपट हाय गा!"

"मीटर खराब हाय!" ओमप्रकाश धावत आला. स्वतः तीनदा पाहिलं. मग पुढच्या आपल्या दोन चक्क्या, मधली फट, मागची धोंडबांची, असं एकेक पाहत गेला आणि त्याचं तोंड उतरलं. सिंधूताईंनी पापणी न लववता पाहून घेतलं.

"माह्याच चक्क्या पाणी ढकलून देऊन राहिल्या याले! लहानूजी, एक काढून घेतो मी."

"कशी काढशीन? जागा हलवाची नाही, लिहून तूच घेतलं ना गा?"

ओमप्रकाश सिंधूताईंकडे वळला. "वहिनी, तुमी तरी सांगा. पाया पडतो."

"राहू द्या, भाऊजी," त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमच्यावाचून आमची कशी चालन? वर्षभर असेच पुढं राहा."

त्या संध्याकाळी सिंधूताई वर्षभरात पहिल्यांदाच दिवसातलं दुसरं जेवण जेवल्या. शेजारच्या ताटात धोंडबांची काळी नखं भाकरी मोडत होती.

सकाळी माळ घेतली, तर चौदाव्या मण्यावर बोट आपसूक थांबलं. देवाचं नाव एकदाही घेतलं गेलं नव्हतं, नुसती मोजणी झाली होती. सिंधूताईंनी कान धरून देवाची माफी मागितली आणि पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरुवात केली. ओमप्रकाशची माफी मागावी, असं त्यांना वाटलं नाही. गुरुवारसाठी नारळ मात्र त्यांनी आणून ठेवला होता.