चौथ्या मजल्यावरचं पाणी

पहिल्या मजल्यावरचे भाऊसाहेब पोस्टात नोकरीला होते. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दाढीला उभे राहिले, की नळ सोडला तो सोडलाच! गीझरही उजाडल्यापासून चालू. बायको म्हणायची, "अहो, नळ तरी बंद करा." त्यांचं उत्तर ठरलेलं, "टाकी भरलेली आहे ना? मग जीव कशाला आखडायचा?"

एका रविवारी सकाळी त्यांच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. त्यांनी प्लंबरला बोलावलं. पाइप ठोकून बघत तो म्हणाला, "इथं काही अडकलेलं नाही. चला, गच्चीवर टाकी बघू."

चौथ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. तिथे एक नर्स आपल्या आईला घेऊन राहायची. आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. लेक नुकतीच रात्रपाळी करून आली होती, गणवेशही उतरवला नव्हता. नळाखालची बादली कोरडी होती आणि ती तांब्याभर पाण्यात फडकं भिजवून आईचं अंग पुसत होती. अंथरूण खराब झालेलं. परका माणूस दिसताच म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

भाऊसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाणी नाही आलं?"

"पंप चालतो तेव्हा मी कामावर असते, काका. मी येईपर्यंत टाकी तळाला जाते. सगळ्यांत आधी आमचाच नळ कोरडा पडतो." आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता.

गच्चीवर प्लंबरने टाकीचं झाकण उघडलं. "टाकी धडधाकट आहे. दोन तास वीज जाळून पंप हे पाणी वर चढवतो आणि तुमच्या बेसिनमधून ते तसंच गटारात जातं. भाऊसाहेब, गळती टाकीला नाही, आपल्या सवयींना आहे!"

भाऊसाहेब तसेच खाली उतरले. घरी येऊन त्यांनी आधी गीझर बंद केला. मग पिंपातल्या पाण्याच्या दोन बादल्या भरल्या आणि थांबत थांबत, धापा टाकत चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. त्या दिवशी पाण्याचं वजन त्यांना प्रथमच कळलं.

संध्याकाळी ते दारोदार फिरले. दुसऱ्या मजल्यावरचे वकील हसले, "तुम्ही शिकवणार आम्हाला?"

"हो. सगळ्यांत जास्त पाणी मीच सांडलंय, म्हणून तर सांगतोय!"

वकिलांचं हसू मावळलं. सगळे काही लगेच बदलले नाहीत. पण गळके नळ दुरुस्त झाले, पंप तासाभरातच बंद होऊ लागला.

महिन्याभराने नर्स जिन्यात भेटली. "काका, काल आईला डोक्यावरून अंघोळ घातली. चार महिन्यांनी!"

"किती पाणी लागलं गं?"

"दीड बादली."

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. मंडळी, आपण वाया घालवतो ते पाणी आणि ती वीज कधीच फक्त आपली नसते. कुठल्या तरी घरात कुणीतरी तेवढ्याचीच वाट पाहत असतं.