शब्दन् शब्द

"कानांत काही दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि टेपरावांची बोटं गुडघ्यावर चालू लागली.

ती बोटं कोर्टाच्या लघुलेखकाची होती. उभा जन्म साक्षी उतरवण्यात गेलेला. साक्षीदार बोलला की शब्द कानातून थेट बोटांत. मध्ये डोक्याला तसदी नाही. खुनाच्या खटल्यात सगळे डोळे पुसत असताना टेपराव पान उलटत. कुणी विचारलंच तर म्हणत, "मी ऐकत नाही हो, लिहितो. अर्थ लावायला थांबलं की पुढचं वाक्य निसटतं." टेपराव हे नाव कोर्टानेच दिलं, कौतुकाने.

"आवाज मेंदूपर्यंत पोचतोय," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "पण त्या आवाजाचा अर्थ लावणारा भाग, डाव्या कानाच्या जरा वर, मेंदूला आलेल्या झटक्यात निकामी झालाय. काकूंना इतरांचं बोलणं परक्या भाषेसारखं वाटतं. स्वतःचंसुद्धा. म्हणून त्या धडाधड बोलतात आणि आपल्याला काही उमगत नाही. सूर मात्र त्यांना कळतो. थोडं परत येईल, सगळं नाही. समोर बसून, तोंडाकडे बघत, सावकाश बोलावं लागेल. रोज. जमेल ना, काका?"

टेपरावांच्या बोटांनी प्रश्नचिन्हसुद्धा उतरवलं.

बाहेर मुलगी बाकावरून उठली. "काय म्हणाल्या, बाबा?"

टेपरावांनी 'कानांत काही दोष नाही'पासून 'जमेल ना, काका'पर्यंत शब्दन् शब्द सांगितला. कानामात्रेचा फरक नाही.

"अहो बाबा, पण आई बरी होणार का?"

टेपराव तिच्याकडे वळून म्हणाले, "पहिल्यापासून सांगू?"

मुलीने कपाळाला हात लावला. घरात तिने हे लहानपणापासून बघितलं होतं. आई चिडून विचारायची, "लक्ष कुठंय? मी आत्ता काय म्हणाले?" आणि बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "म्हणालीस, 'नळ गळतोय, माझं डोकं उठलंय, कुणाला तरी बोलवा.'" पुरावा चोख. आईचा खटला जागच्या जागी निकाली. नळ गळतच राहायचा.

वॉर्डात बायको उशीला टेकून बसली होती. टेपरावांना बघताच बोलू लागली. भराभर, हातवारे करत, मध्येच हसून. एकही शब्द ओळखीचा नव्हता. बोटांचं काही अडलं नाही. लघुलिपीला आवाज पुरतो. बोटं पांघरुणाच्या कडेवर चालू लागली.

बोलता बोलता ती थांबली. भुवया वर करून तिने काहीतरी विचारलं. शब्द कुठलेच नव्हते, पण तो सूर टेपरावांना पाठ होता.

मी आत्ता काय म्हणाले?

त्यांना सगळं म्हणून दाखवता आलं असतं, पहिल्यापासून. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"कळलं नाही गं," ते म्हणाले.

तिने वाकून त्यांच्या बोटांवर आपला तळवा ठेवला. बोटं खाली एकदा वळवळली, पुन्हा एकदा, मग निपचित पडली. टेपरावांनी दुसऱ्या हाताने स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

ती पहिल्यापासून सांगू लागली.